थेट पोचणारं जेवण

मेलेल्या माणसांचं काम मी जिवंतपणी चार वर्षं केलं, आणि चांगलं केलं. गावात कोणालाही विचारा. भादव्यात पितृपक्ष लागला की आमच्याकडे घरोघर गेलेल्या माणसाच्या तिथीला एक जिवंत माणूस पितर म्हणून पाटावर बसवतात. साधारण त्याच वयाचा, त्याच अंगलटीचा माणूस शोधतात. दारात त्याचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात, निखाऱ्यावर तूप-पोळीचा घास टाकतात आणि मग त्याला पोटभर जेवू घालतात. तो जेवला म्हणजे मेलेला जेवला. शहरातल्या लोकांना याची गंमत वाटेल. वाटू द्या, त्यांच्याकडे तरी मेलेल्यांना कोण विचारतं?

माझं नाव तोताराम. यावलहून एसटीने अर्ध्या तासावर आमचं गाव, आणि गावाच्या चारी अंगांना केळी. केळीचे घड वॅगनीत भरायच्या कामावर मी मुकादम होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या केळीवर ओरडलो, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि स्वभाव त्याहून मोठा. बायको धुरपदा गेली आणि पुढच्याच वर्षी मी रिटायर झालो. म्हणजे ज्या वर्षी घरी बसायचा वेळ मिळाला, त्या वर्षी घरात बसायला कोणी उरलं नव्हतं. मुलगा नाही. एक मुलगी, मंजुळा, ती धुळ्याला. जावई पाटबंधारे खात्यात आहेत.

एकट्या माणसाचा स्वयंपाक हा एक छळ आहे. वांगं भाजलं तर दोन दिवस भरीतच खायचं. पीठ मळलं तर कधी कमी, कधी जास्त. बोलायला कोणी नसलं की माणूस भांड्यांशी भांडायला लागतो. मीही भांडायचो. एकदा तर तव्याला शिवी दिली आणि शेजारणीला वाटलं तिलाच दिली. संध्याकाळी ओट्यावर बसलं की येणारे-जाणारे विचारायचे, "काय आबा, झालं का जेवन?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे निघून जायचे. या गावात माणसं वाईट नाहीत. पण ज्याचं त्याचं घर आहे, ज्याची त्याची चूल आहे, आणि एकट्या म्हाताऱ्याला मुद्दाम आपल्या ताटावर बोलवावं असं कोणाच्या मनात येत नाही. लग्न असलं, भंडारा असला, की सगळा गाव जेवतो. एरवी नाही.

अशात माझा मित्र भाईदास वारला. लहानपणापासूनचा मित्र. केळीच्या बागेत पाणी धरता धरता छातीत कळ आली आणि तिथेच बसला तो बसला. पहिल्या पितृपक्षात त्याचा मुलगा गिरधर माझ्या ओट्यावर आला.

"आबा, परवा बाची तिथ हाये. बाच्या जागी तुम्हीच बसा. दुसरं कोनी मनाले पटत नही."

मी गेलो. गिरधरच्या बायकोने, इंदिराने, वाकून माझे पाय धुतले. पाटावर बसवलं. समोर खापरावरचे मांडे, वेलदोड्याची खीर, कढी, गंगाफळाची भाजी, गिलक्याची भजी. जेवताना गिरधर समोर हात जोडून बसला आणि एकदम म्हणाला, "बा, विहिरीचं पानी खाली गेलं. बोर मारू का?" आता मी काय सांगणार? मी म्हणालो, "मार." त्याने दिवाळीनंतर बोर मारली आणि पाणी लागलं. गावात बोलबाला झाला.

त्या दुपारी मी घरी परत आलो तेव्हा माझं मन हलकं होतं, हे कबूल करायला मला काही लाज नाही. कोणीतरी माझ्या पायांना हात लावला होता. कोणीतरी आग्रह केला होता. तो आग्रह भाईदासला होता हे मला कळत होतं, पण कान माझे होते.

मग दुसऱ्या घरांची बोलावणी आली. आणि एक वेगळीच गोष्ट घडायला लागली. पंधरा दिवस खीर-पुरण खाऊन माणूस सुटायला पाहिजे. मी उलटा वाळत चाललो. सदऱ्याचे खांदे उतरले, गालफडं बसली. जेवून घरी आलो की तासाभरात पुन्हा भूक. तहान तर अशी की माठ पुरेना. भाईदासच्या बायकोने, बेबाबाईने, हे पहिल्यांदा हेरलं. ती गल्लीत सांगत सुटली, "तोतारामभाऊच्या अंगी काहीच लागत नही पाहा. जेवलेलं बठ्ठं आमच्या मानसाले पोचतं. थेट!"

गावाला पटलं. मलाही पटलं. का पटू नये? खाल्लेलं मला मिळत असतं तर मी वाळलो कशाला असतो? दुसरे पितर जेवून ढेकर देतात, सुस्तावतात, घोरतात. त्यांचं अर्धं त्यांच्याच पोटात राहतं. तोताराम आबाने खाल्लेलं मात्र थेट पोचतं. आपल्या घरच्या तिथीला मी मिळावा म्हणून लोक पोळ्यापासूनच सांगून ठेवायला लागले. अहो, मुकादमकीत जो मान मिळाला नाही तो मला मढ्यांच्या नावाने मिळाला. उरलेल्या वर्षात मात्र माझ्या ओट्यावर कुत्रं फिरकत नसे.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. भाईदासची तिथी होती. नेहमीप्रमाणे मी दारात उभा राहिलो, इंदिराने तांब्याने पाणी घातलं आणि उजवा पाय हातात घेतला. घेतला तो धरूनच राहिली.

"आबा, हे काय?"

"काय?"

"तुमच्या तयपायात खिया घुसेल हाये! पू येऊन राह्यला!"

मी वाकून पाहिलं. चपलेचा खिळा करंगळीच्या खाली तळव्यात शिरला होता आणि भोवतीचं मांस काळंनिळं झालं होतं. वास येत होता. किती दिवस मी तो खिळा घेऊन गावभर हिंडत होतो देव जाणे.

"दुखत नही का आबा?" इंदिराने विचारलं.

"नही," मी म्हणालो. आणि खरंच दुखत नव्हतं. मी त्याचाही अभिमान धरला. पितराला कसलं दुखणं! इंदिराने खिळा काढला, हळद दाबली, फडकं बांधलं आणि म्हणाली, आधी दवाखान्यात चला. मी म्हणालो, आधी भाईदासला जेवू दे. आणि त्या फडक्याच्या पायाने मी पाटावर बसून दोन वाट्या खीर खाल्ली. इतका मूर्ख माणूस पंचक्रोशीत दुसरा सापडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी गिरधरने मला जळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, लघवी तपासली. साखर होती. कधीपासून होती कोणास ठाऊक. करंगळी वाचली नाही. ती कापणारी डॉक्टरीण मंजुळेपेक्षाही लहान होती, पण हात घट्ट आणि बोलणं सरळ. ड्रेसिंग करताना ती म्हणाली, "आबा, हे बोट जायला नको होतं. वर्षभर आधी नुसती लघवी तपासली असती, जेवण सांभाळलं असतं, रोज रात्री तळवे बघितले असते, तर ही वेळ आली नसती. तुमच्या पायाची संवेदना गेली आहे. आता पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही, पाय जाईल."

मग तिने विचारलं, "रोज काय खाता?"

"माझं सांगू का पितराचं?"

तिला कळेना. मी सगळं समजावून सांगितलं. म्हणालो, बाई, घरी मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भाजी खातो. गोडधोड काय ते तिथीला, आणि ते मी खात नाही, माझ्या तोंडातून दुसरा खातो. पुरावा पाहा. खाऊन मी वाळलो. खाऊन मला भूक लागते. खाऊन मला तहान लागते. माझ्या अंगी लागलं असतं तर असं झालं असतं का?

ती हसली नाही. हसली असती तर मी उठून गेलो असतो. ती स्टूल ओढून समोर बसली. म्हणाली, "आबा, वाळणं, भूक, तहान, ही या रोगाचीच लक्षणं आहेत. साखर रक्तात साठते आणि लघवीतून वाहून जाते. शरीराला मिळत नाही, म्हणून माणूस खाऊनही उपाशी राहतो."

"म्हणजे माझ्या शरीराला मिळत नाही हे तुम्हीपण म्हणता," मी म्हणालो. "मग ते जातं कुठे, एवढाच आपला वाद."

यावर मात्र ती थोडीशी हसली. उठून तिने कपाटातून एक काचेची नळी आणली, आणि निळ्या औषधाची बाटली. निळं औषध नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी चिमट्यात धरून दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, नारिंगी, मग विटकरी. विटकरी म्हणजे सगळ्यात वाईट.

"घरी करत जा. आणि माझं ऐकायचं नसेल, पुढच्या वर्षी पितर म्हणून बसायचंच असेल, तर जेवून आल्यावर दोन तासांनी करून बघा. जेवण त्यांना पोचलं असेल तर रंग निळाच राहील. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या डोळ्यांवर ठेवा."

पैज म्हणून मला हे आवडलं. मी नळी पिशवीत ठेवली.

मंजुळा आली आणि मला धुळ्याला घेऊन गेली. देवपुरात त्यांचं दोन खोल्यांचं घर. तिने काही कमी केलं नाही, उलट सगळं मोजून केलं. सकाळी एक भाकरी, वाटीभर भाजी, काकडी. संध्याकाळी तेच. गुळाचा डबा तिने कुठे लपवला होता तो मला आजवर सापडलेला नाही. नातवंडं लाडू खायची तर दुसऱ्या खोलीत जाऊन खायची, आणि मी आत गेलो की तोंडं बंद करायची. सकाळी दहाला सगळं घर बाहेर पडायचं आणि मी खिडकीतून समोरच्या घराच्या वाळत घातलेल्या गोधड्या बघत बसायचो. तिथे मी बाप नव्हतो, पेशंट होतो. लेक चांगली, जावई त्याहून चांगले. पण पाय बरा झाल्यावर मी म्हणालो, मला गावी सोडा.

निघताना मंजुळेने हात धरला. "आबा, एकाही घरी पाटावर बसायचं नाही. मला हो म्हणा."

मी हो म्हणालो. घशातल्या घशात.

त्यानंतरचं वर्ष मी शिस्तीत काढलं. गोळ्या वेळेवर. भाकरी एक. भरितावर तेल पळीऐवजी चमच्याने. कडुनिंबाखाली चालणं, नवी चप्पल, रोज रात्री आरसा खाली धरून तळवे बघणं. सकाळी नळी उकळायची. पहिल्यांदा हिरवी यायची, मग हळूहळू निळी यायला लागली. जळगावला दाखवायला गेलो तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा. अंगावर थोडं मांस आलं. पण त्या सगळ्या वर्षात कोणी ओट्यावर येऊन बसलं असेल तर शपथ. गावात दोन टीव्ही आले होते, रविवारी गाव तिकडे. इंदिरा तेवढी विहिरीवर जाताना विचारायची, "आबा, पाय कसा हाये?" त्या एका प्रश्नासाठी मी सकाळी लवकर ओटा झाडून बसायचो.

आणि मग पुन्हा भादवा. गिरधर आला. "आबा, परवा."

मला नाही म्हणता आलं असतं. मंजुळेला शब्द दिला होता. पाय जाईल हे ठाऊक होतं. पण मला जायचं होतं. खिरीसाठी नाही हो, खीर गेली खड्ड्यात. वर्षातून एक दिवस त्या घरात मी जाणार आणि कोणीतरी म्हणणार, अजून एक घ्या, आमच्या शपथेवर घ्या. त्यासाठी मला जायचं होतं. आणि मनात असंही होतं की डॉक्टरीणबाईला खोटं पाडू. भाईदासला पोचत असेल तर मला कसली भीती?

बेबाबाई दरवर्षीप्रमाणे त्या दिवशीही स्वतः वाढायला बसली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती माझ्याकडे न बघता माझ्या ताटाशी बोलत होती. "औंदा केयी चांगली निंघाली. गिरधरने मागचा मया बी लावला. तुम्ही पाह्यला असता त खूश झाले असते. खीर घ्या अजून, तुम्हाले वेलदोडा आवडे म्हनून जास्त घालेल हाये." नवरा असताना ती त्याच्याशी चारचौघांत इतकं कधी बोलली नसेल. मी वाटी पुढे केली. तिने वाढली. पुन्हा वाढली. कोण नाही म्हणेल? मी भाईदास होतो आणि माझी बायको मला वाढत होती.

घरी आलो. ओट्यावर सावली सरकेपर्यंत थांबलो. दोन तास झाले. नळी घेतली, निळं औषध घेतलं, थेंब टाकले. दिवा पेटवला आणि नळी धरली. मला खात्री होती.

उकळी आली तसं निळ्याचं हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं व्हायला वेळ लागला नाही. मग नारिंगी. मग ते दाट झालं आणि विटेसारखं तांबडं होऊन नळीच्या तळाशी बसलं. मी दिवा विझवला नाही. अजून उकळलं तर परत निळं होईल असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं.

पायाची भीती मला नंतर वाटली. आधी जे वाटलं ते वेगळंच होतं. भाईदासला काही मिळालं नव्हतं. बेबाबाईने इतक्या मायेने घातलेला वेलदोडा माझ्या मुतात उतरला होता. चार वर्षं ती बाई माझ्या ताटाशी बोलली, आणि त्या बोलण्याचं एक अक्षर कुठे गेलं नव्हतं. आणि मग धुरपदा आठवली. दरवर्षी पितृपक्षातल्या अविधवा नवमीला मी तिच्या नावाने एक सवाष्ण बोलवायचो. स्वतःच्या हाताने वेड्यावाकड्या पुऱ्या लाटायचो, तिला आवडायची तशी गुळाची लापशी करायचो. सवाष्ण जेवायची आणि मी मनात म्हणायचो, धुरपदे, पोट भरलं का? तेही पोचलं नव्हतं. कुठे पोचणार? धुरपदा कुठेच नव्हती. ती गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, भर बारा दिवस पाहुण्यांवर ओरडत होतो. त्या दुपारी चुलीपुढे बसून मी मोठ्याने रडलो. शेजारणीने ऐकलं असेल तर ऐको.

पुढच्या घरांना मी नाही म्हणून कळवायचं ठरवलं. एकेकाच्या दारात जाऊन सांगितलं, मला साखर आहे, मी बसू शकत नाही. पोचत नाही हे मात्र कोणाला सांगितलं नाही. बेबाबाईला तर मेलो तरी सांगणार नाही.

मला वाटलं होतं लोक हळहळतील. एखादा तरी म्हणेल, आबा, गोड नका खाऊ, आपल्या घरची भाकरी खा, पण या. सगळे म्हणाले, "बरं झालं आबा आधी सांगितलं. मंग सुकदेवले सांगतो." एवढंच. कोणी रागावलं नाही, कोणी आग्रह केला नाही. वॅगनीतला एक मजूर आला नाही तर मी दुसरा लावायचो, तसा माझ्या जागी सुकदेव लागला.

हा सुकदेव माझ्याच वयाचा, पिठाच्या गिरणीवर बसतो. बायको नाही, दोन्ही मुलं सुरतेला. ढेरी पुढे, धोतर मागे. रोज दुपारी धुतलेलं धोतर नेसून तो माझ्या ओट्यासमोरून जायचा आणि तासाभराने गंध लावलेल्या कपाळाने ढेकर देत परत यायचा. मी आत जाऊन बसायचो. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येत होता. असा राग मला भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यांचाही कधी आला नव्हता. पाय वाचवला म्हणून कोणी शाबासकी देत नाही आणि जेवायलाही बोलवत नाही.

अमावास्या जवळ आली. सर्वपित्री. ज्याची तिथी माहीत नाही, ज्याचं कोणी नाही, त्या सगळ्यांचा तो दिवस. ओट्यावर बसून मी विचार करत होतो. मी गेल्यावर माझ्या नावाने कोण कोणाला बसवणार? मंजुळेच्या घरी तिच्या सासऱ्यांचे पितर. तिने मला का घालावं? आणि घातलं तरी पोचणार नाही, हे तर मीच पाहिलं होतं. मग जे काही पोचायचं असेल ते आत्ताच पोचेल, नंतर नाही. हा विचार डोक्यात आला आणि मी चप्पल घालून सरळ गिरणीवर गेलो.

"सुकदेव, उद्या दुपारी माह्या घरी जेवाले ये. पितर म्हनून."

सुकदेवने पिठाने भरलेल्या भुवया वर केल्या. "उद्या दोन घरं हाये भो मले. कोनाच्या नावानं?"

"तोतारामच्या."

"कोन तोताराम?"

"मी."

त्याने गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत तो माझ्याकडे पाहत राहिला. "तू त जित्ता हाये न भो!"

"हाये. मेल्यावर घालनारं कोनी नही. म्हनून आताच उरकतो."

त्याला वाटलं साखर माझ्या डोक्यात गेली. तसं तो म्हणालाही. पण उद्या येतो म्हणाला.

अमावास्येला मी सकाळपासून स्वयंपाकाला लागलो. कळण्याच्या तीन भाकरी थापल्या. वांगी भाजून भरीत केलं, तेल बेताचं. मेथीची भाजी, काकडी, पातळ कढी. सुकदेव एक घर जेवून आला होता, कपाळावर ओलं गंध होतं. मी दारात पाट टाकला आणि त्याचे पाय धुतले. धुताना तळव्याला अंगठ्याने दाबून पाहिलं.

"कयतं का?"

"गुदगुल्या नको करू भो!" तो पाय ओढून ओरडला. म्हटलं, याचे पाय शाबूत आहेत.

पाटावर बसून त्याने ताट पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "खीर?"

"तोतारामले साखर हाये," मी म्हणालो.

त्याने भाकरी मोडली, भरितात बुडवली आणि जेवायला लागला. मी समोर हात जोडून बसलो. यजमानाने पितराशी काहीतरी बोलायचं असतं, इतकी वर्षं मी ते ऐकत आलो होतो. आता बोलायची पाळी माझी, आणि मला सुचेना. विहीर नाही, बोर नाही, केळी नाही. शेवटी जे तोंडात आलं ते बोललो.

"तोताराम, तुले कोनी बोलावत नही म्हनून तू मेलेल्या मानसाच्या ताटावर जाऊन बसला. एक बोट गेलं. तुह्यावर मी लय राग राग केला. पन तू तरी काय करनार?"

सुकदेवचा हात भाकरीवर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं आता हा उठून जातो की काय. मग त्याने डावा हात लांब करून भांड्याच्या फळीवरची थाळी ओढली. टोपलीतली भाकरी तिच्यात ठेवली, आपल्या ताटातलं अर्धं भरीत काढून बाजूला घातलं आणि थाळी माझ्यापुढे सरकवली.

"तोताराम," तो म्हणाला, "तू बी बस न भो."

मी बसलो. भाकरी मोडली आणि पहिला घास भरितात बुडवला. तोवर सुकदेव थांबला होता.